लेकरांच्या खोलीतला आठवडा

सखूचं पोर, गजा, डोळे उघडत नव्हतं. गिरजाने त्याच्या तळपायावर टिचक्या मारल्या, कान चोळले, गार पाण्याचा हात तोंडावरून फिरवला. एरवी एवढ्याने कोणतंही लेकरू किंचाळून उठतं. ह्याने फक्त ओठ जरासे हलवले आणि पुन्हा गप्प झालं. एक श्वास घेई, मग इतका वेळ थांबे की आमचाच जीव घाबरा होई.

"यमुना, पाय वो, याचे ओठ निळे दिसून राहिले का मलेच तसं वाटून राहिलं?" गिरजा म्हणाली.

मी पाहिलं. निळेच होते. 

नेमकी त्याच वेळी अमरावतीची सुपरवायझर दारात येऊन उभी राहिली. ती आज येणार हे आम्हाला माहीत होतं. त्यासाठी आम्ही सकाळपासून खोली सारवली होती, ओली दुपटी एका पोत्यात भरून पोतं मागे लपवलं होतं. ह्या नव्या सुपरवायझर. नाव रूथबाई. नगरकडच्या ख्रिस्ती, पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या, एवढंच ऐकलं होतं. मला वाटलं, संपलं आता. आजच्या आज दोघींनाही घरी पाठवतील.

रूथबाईंनी पिशवी दारातच टाकली. चपला काढल्या. पोर गिरजाच्या हातातून घेतलं, त्याची पापणी वर करून पाहिली आणि विचारलं, "डॉक्टरांना कोण बोलावायला गेलंय?"

कोणीच गेलं नव्हतं. आम्हाला सुचलंच नव्हतं.

"यमुनाबाई, तुम्ही जा. पळत जा. म्हणावं, अफूचं मूल आहे. गिरजाबाई, तुम्ही इथंच बसा, माझ्यासमोर. मी थकले की तुम्ही घ्या."

मी पळाले. त्यांना माझं नाव कसं ठाऊक, हा प्रश्न मला वाटेत पडला.

इथे थोडं समजावून सांगते. आमच्या अकोटला कापसाच्या जिन आहेत. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. दिवाळी झाली की गाड्यांवर गाड्या येतात आणि जिनचा सीझन सुरू होतो. बाया यंत्राच्या तोंडाशी बसून हाताने कापूस सारतात. आत इतकी रुई उडते की माणूस बाहेर आलं की पापण्या पांढऱ्या. ह्या बायांची तान्ही लेकरं पूर्वी कापसाच्या ढिगाच्या आडोशाला नाहीतर गाडीखाली निजवलेली असत. अमरावतीच्या काही शिकल्या-सवरल्या बायांनी एक कमिटी केली आणि जिनमालकाकडे मागून कंपाउंडात एक टिनाची शेड मिळवली. त्यात आम्ही आढ्याला झोळ्या बांधल्या. तीच लेकरांची खोली. गिरजा आणि मी तिथल्या सेविका. मी चौथी पास. आमचा अंजनगावला पानमळा आहे, पण मी विधवा होऊन अकोटला भावाकडे राहायला आले आणि कमिटीच्या एका बाईंनी मला ह्या कामावर लावलं. गिरजाला नवऱ्याने टाकलेलं. तिची म्हातारी आई तिच्याच जिवावर.

आणि अफू. आमच्याकडे लेकरू निजावं म्हणून त्याला अफूचं बोट देतात. मुगाच्या दाण्याएवढी अफू पाण्यात उगाळायची, बोटावर घ्यायची, चाटवायची. लेकरू दुपारपर्यंत हलत नाही. आईला काम करता येतं. ह्यात आईला काही वाईट वाटत नाही, तिच्या आईनेही तिला दिलेलं असतं. कमिटीला मात्र हे पसंत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. अफूने लेकरू वाळतं, पोट धरतं, कधी दगावतं. म्हणून कमिटीने नियम केला: अफू दिलेलं मूल खोलीत घ्यायचं नाही. दारावर विचारायचं, "दिली का?" हो म्हणाली तर परत पाठवायचं.

नियम चांगला होता. एकही आई हो म्हणत नव्हती.

डॉक्टर आले तोवर रूथबाई आणि गिरजा आळीपाळीने पोराला जागं ठेवत होत्या. खांद्यावर घेऊन येरझारा, पाठीवर थाप, पुन्हा तळव्यांवर टिचक्या. पोर निजायला लागलं की रूथबाई त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणत, "अरे गजा, ऊठ बाबा, शाळेत जायचंय." गिरजाला त्या अवस्थेतही हसू आलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "अफूच आहे. प्रमाण जास्त झालंय. तुम्ही करताय तेच करत राहा." त्यांनी काही थेंब दिले आणि जवळ बसून राहिले. ऊन उतरायच्या सुमाराला गजाने तोंड वेडंवाकडं केलं आणि रडला. बारीक रडणं, पण रडणं.

खरी पंचाईत पुढे झाली. सखूला कामावरून बोलावलं होतं. तिच्यामागे दहा-बारा बाया आल्या. यंत्रं रिकामी फिरू लागली म्हणून मॅनेजरसाहेब आले.

"कोणी पाजली अफू?" त्यांनी विचारलं.

सखूने पोराला छातीशी घट्ट धरलं. "मी नाई देली. सकाळी विचारलं तवाच सांगतलं ना मी, नाई देली म्हणून. लेकरू इथं चांगलं हसत आलं होतं."

"मंग इथंच कोणीतरी देली," मागून एक बाई म्हणाली.

"गिरजाच्याच झोळीत होतं ना थे?" दुसरी म्हणाली. "लेकरं रडतेत म्हून तीच देत असन चुपचाप. आपल्याले म्हनते देऊ नका, अन् स्वतः देते."

गिरजा एकदम उभी राहिली. "माह्या डोळ्यात पाहून बोल वो! मी लेकराले अफू देईन?"

"कोनाले मालूम!"

मॅनेजरसाहेब माणूस वाईट नव्हता. पण त्याला सीझन चालवायचा होता. तो रूथबाईंना म्हणाला, "बाई, हे बंद करा. बायांचा भरवसा उडला तर कामावर कोण येईन? शनिवारी तुमच्या कमिटीची सेक्रेटरीबाई येते ना? तोपर्यंत ह्या बाईले कामावरून काढा, नाहीतर मी शेड रिकामी करून सरकी भरतो."

आता गिरजाचं काय होणार, हे आम्हा दोघींना लगेच कळलं. नोकरी जाईल हे एक. पण अकोटसारख्या गावात 'हिने लेकराला अफू घातली' असं एकदा नावाला चिकटलं की जन्मात कोणी तिच्या हातात मूल देणार नाही. बाळंतिणीच्या घरातही कोणी बोलावणार नाही. गिरजाला दुसरं काहीच येत नव्हतं. लेकरं सांभाळणं हेच तिला येत होतं, आणि ते तिच्याइतकं कोणालाच येत नव्हतं.

रूथबाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत थांबा, साहेब. मी इथंच आहे."

"तुमी तर संध्याकाळच्या मोटारीनं परत जानार होत्या."

"आता नाही जात."

संध्याकाळी भोंगा झाला, बाया लेकरं घेऊन गेल्या. गिरजा भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती, त्याचंच मला भय वाटत होतं. मला वाटलं, आता चौकशी सुरू होईल. कुठे बसली होतीस, केव्हा पाहिलंस, खरं सांग. आधीच्या सुपरवायझर अशाच विचारत. त्या खुर्चीत बसत, आम्ही उभ्या.

रूथबाईंनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघी जेवलात केव्हा?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. दुपारी जेवायचं कधी होतच नसे. बायांच्या जेवणाच्या सुट्टीत सगळ्या लेकरांना एकदम आया हव्या असतात, तेव्हाच जास्त धावपळ.

"भाकर आहे डब्यात," मी म्हणाले.

"मग आधी खा. उपाशी बाईला लेकराचं रडणं दुप्पट ऐकू येतं. यमुनाबाई, चहा तुम्ही करा. माझा पेला माझ्याजवळ आहे, त्यात वरून ओता."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला नंतर कळलं, त्या ख्रिस्ती म्हणून आमची अडचण होऊ नये ह्यासाठी ते होतं. मी लाजले. 

खाणं झाल्यावर त्यांनी मागचं पोतं ओढून आणलं. त्यांना ते आल्याआल्याच दिसलं होतं. त्यातली ओली दुपटी दोरीवर टाकली आणि पिशवीतून जुनी लुगडी काढली. "कमिटीच्या बायांनी दिलीत. चला, लंगोट फाडू." तिघी फाडायला बसलो. एक टोक मी धरायचं, एक गिरजाने, मध्ये रूथबाई दाताने चीर पाडायच्या.

हात कामात असले की माझं तोंड थोडं सुटतं. हे त्यांना पहिल्याच दिवशी कसं कळलं कोण जाणे.

 मग रूथबाईच म्हणाल्या, "नगरला दवाखान्यात असताना माझ्या हातून एक मूल पडलं होतं. स्टुलावरून. लागलं नाही फार. पण मेट्रनला मी खरं सांगितलं, माझ्याच हातून पडलं. तिने चार दिवस माझ्याशी कोणाला बोलू दिलं नाही. त्यानंतर माझ्याकडून काहीही झालं तरी मी मेट्रनला कधी खरं सांगितलं नाही. दोन वर्षं."

गिरजाने फाडता फाडता हात थांबवला.

"बाई, आमाले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"अर्ध्याहून जास्त लेकरं अफू घेऊनच येतेत. डोळे पाह्यले की समजते. आतली काळी टिकली टाचणीच्या टोकाएवढी होते. पण परत धाडलं तर आई गाडीखाली निजवते, मग बैलाच्या पायाखाली येते. म्हणून आमी घेतो. अन् तुमच्यासारख्या बाईले सांगतो, सगळं ठीक हाय."

"आधीच्या बाईंना पण हेच सांगायचो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नवा वाटला. "नियम मोडला म्हणून काढतील ह्या भीतीने."

रूथबाई रागावल्या नाहीत. लुगडं मांडीवर ठेवून त्या जराशा हसल्या. पण ते हसणं आनंदाचं नव्हतं.

"म्हणजे आई तुम्हाला भिते म्हणून खोटं सांगते. तुम्ही मला भिता म्हणून खोटं सांगता. मी कमिटीला भिते म्हणून तिथं जाऊन सांगणार, अकोटचं काम छान चाललंय. आणि ह्या सगळ्या भीतीच्या खाली ते पोर निजलंय."

मग त्या म्हणाल्या, "गिरजाबाई, अफू तुम्ही दिलेली नाही."

"तुमी कसं म्हनता? तुमी तर आजच आल्या."

"मघाशी तुम्ही त्याला जागं करत होता ते मी दारातून पाहिलं. ज्याने दिली असते तो आधी आजूबाजूला बघतो. तुम्ही पोराकडे बघत होता."

तेव्हा गिरजा रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर मला उभं केलं. गिरजाने दारावर येऊ नये, बाया बिथरतील, असं ठरलं होतं. मी म्हणाले, मला नाही जमणार, मी चार माणसांत बोलत नाही. रूथबाई म्हणाल्या, "मी तुमच्या मागे उभी राहते. पुढे नाही. पुढे उभी राहिले तर त्या माझ्याशी बोलतील, आणि शनिवारनंतर मी इथं नसणार."

त्यांनी एकच गोष्ट बदलायला सांगितली. 'दिली का' असं विचारायचं नाही. 'आज केव्हा दिली, केवढी दिली' असं विचारायचं. आणि काहीही उत्तर आलं तरी लेकरू घ्यायचं. परत कोणाला पाठवायचं नाही.

पहिली बाई आली आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "दिली का?"

"नाई बाप्पा," ती म्हणाली आणि लेकरू माझ्या हातात देऊन सटकली. लेकराचे डोळे टाचणीच्या टोकासारखे.

 मी वळून पाहिलं. रूथबाई झोळी नीट बांधत होत्या, जणू ऐकलंच नाही. दुसरी बाई आली. मी घसा साफ केला.

"आज... केव्हा दिली वो? केवढी?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग रूथबाईंकडे. मग हळूच म्हणाली, "कोंबडं आरवलं तवा. मुगाच्या अर्धी. काहून?"

"काही नाही. दुपारी उठवून पाजायला बरं पडते. कुठल्या वेळी उठवायचं ते समजते."

"असं होय! मंग सांगतो ना रोज."

इतकंच. इतकी साधी गोष्ट. दिवसभर मी मनातल्या मनात तेच घोळवत राहिले. दुपारी रूथबाईंनी आम्हाला आळीपाळीने जेवायला बसवलं आणि स्वतः एका काखेत एक, दुसऱ्या काखेत एक अशी लेकरं घेऊन फिरत राहिल्या. मी जेवत असताना म्हणाल्या, "तुम्ही तिला कारण सांगितलंत, ते मी सांगितलं नव्हतं. ते तुमचं. ते फार चांगलं केलंत." सकाळची पहिली चूक त्यांनी काढलीच नाही. मीच काढली. त्या म्हणाल्या, "हो, ऐकलं मी. उद्या नाही होणार."

आजवर मी कामातली चूक स्वतःहून कोणाला सांगितली नव्हती.

सखू कामावर येत नव्हती. गजा बरा होता, पण ती येत नव्हती. रूथबाई म्हणाल्या, आपण तिच्या घरी जाऊ. गिरजाने विचारलं, "मी येऊ?" रूथबाईंनी थोडा विचार केला. "तुम्ही आलात तर ती घाबरेल. खोली तुमच्यावर सोडून जाते. चालेल?" ज्या बाईवर सगळ्या जिनचा संशय, तिच्या एकटीवर सगळी लेकरं सोडून सुपरवायझर बाहेर गेली. मॅनेजरने ते पाहिलं. आयांनी पाहिलं. गिरजाने तर पाहिलंच.

सखूचं घर जिनच्या मागच्या वस्तीत. कुडाच्या भिंती, पुढे तुळस, एक शेळी. सासू दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्हाला पाहून सखू आत जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता रूथबाई विचारतील. त्या सासूशेजारी बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

"गजा कसा आहे, आजी?"

"बरा हाय. दात येऊन राहिले त्याले. लय किरकिर करते."

रूथबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोल, असं डोळ्यांनीच. मी पण एक शेंग हातात घेतली.

"माय, दात येते तवा अफू थोडी जास्त लागत असन ना?" मी म्हटलं. "आमच्या घरी आजी तसंच करे."

"मंग! मी बी केलं ना. सकाळी सखू पानी भरायले जाते तवा देतो मी. त्या दिवशी जराक जास्त उगाळली. लेकराले चैन तर पडावं."

आतून सखू एकदम बाहेर आली. "मायबाई! तुमी देता त्याले?"

"दररोज देतो. तुले कायले सांगू? तू म्हनते जिनातल्या बाया घेत नाई अफूवालं लेकरू. म्हणून तू पान्याले गेली का चुपचाप देतो."

सखूने कपाळावर हात मारला. "अवं माय, मी बी देतो ना! वाटेवर, जिनच्या फाटकाजवळ. रडलं तर बाया हाकलतीन म्हून."

"तू बी?"

"तुमी बी?"

सासू-सुना एकमेकींकडे पाहत राहिल्या. मला आधी हसू आलं, मग अंगावर काटा आला. एकाच घरात एकाच लेकराला दोघी अफू देत होत्या आणि दोघी एकमेकींपासून लपवत होत्या. कारण एकच, आमचा दारावरचा प्रश्न.

सखू खाली बसली. "माह्याच हातानं गेलं असतं लेकरू." मग माझा हात धरून म्हणाली, "यमुनाबाई, सांगू नका वो कोनाले. बाया काय म्हनतीन? त्या दिवशी मी त्याहिच्यासमोर गिरजाबाईचं नाव घेऊ देलं. थोबाड कसं दाखवू?"

परतताना मी रूथबाईंना म्हणाले, "आता शनिवारी तिला उभी करून सगळ्यांसमोर सांगायला लावू. गिरजा सुटेल."

रूथबाई चालता चालता थांबल्या. "गिरजा सुटेल. आणि मग दुसरी आई तुम्हाला खरं सांगेल का? सखूचं काय झालं ते सगळ्या बघतील. कबूल करणारीला उभं केलं, हेच त्यांच्या लक्षात राहील."

"मग गिरजाचं काय?"

"तेच मला कळत नाहीये, यमुनाबाई." असं एका सुपरवायझरने माझ्याजवळ कबूल केलं. "मी माझ्या तोंडाने सांगेन की गिरजाबाईंनी दिली नाही. मॅनेजर विचारेल, मग कोणी दिली? मी सांगणार नाही. मग त्याचा विश्वास बसेल की नाही, ते देवावर."

गिरजाला त्यांनी हे सगळं, सखूचं नाव घेऊन, सांगितलं. तिच्यापासून लपवलं नाही. निर्णयही तिच्यावर सोडला. "तुमच्या नावाचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणालात सांगा, तर मी सांगेन."

 गिरजा झोळीला झोका देत राहिली. मग म्हणाली, "नका सांगू. त्या पोरीचं वय काय! तिले पुन्हा ह्या जिनातच काम कराचं हाय." थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "पण बाई, मले काढलं तर तुमी मले उमरावतीले कुठं तरी भांडे घासाले तरी लावान ना?"

"तुम्हाला काढलं तर मीही राहणार नाही," रूथबाई म्हणाल्या. त्या हे गंभीरपणे म्हणाल्या नाहीत. चहा हवा का म्हणावं, तसं म्हणाल्या. म्हणून मला ते खरं वाटलं.

शनिवार आला. सेक्रेटरीबाई सकाळच्या मोटारीने आल्या. वकिलाच्या घरच्या, रेशमी काठाचं लुगडं, पण मनाने सरळ. मॅनेजरसाहेब आले. लेकरं आणायची वेळ होती, म्हणून बाया दारात रांगेत होत्या आणि कान आत लावून होत्या.

रूथबाईंनी सांगितलं, "मी चौकशी केली. गिरजाबाईंचा काही दोष नाही. दोष दारावरच्या नियमाचा आहे, आणि तो नियम अजून बदलून घेतला नाही हा माझा."

"मंग देली कोणी?" मॅनेजरने अपेक्षेप्रमाणे विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "पण रूथबाई, मूल घेताना तुम्ही आता विचारता केव्हा दिली, किती दिली. म्हणजे आपण अफूला परवानगीच दिली की."

"परवानगी नाही, बाई. माहिती. किती देतात ते कळलं तर उद्या त्यांना मुगाऐवजी ज्वारीएवढी, मग बाजरीएवढी, मग तिळाएवढी द्यायला सांगता येईल. एकदम बंद केली तर लेकरं दिवसरात्र तळमळतात, ते तर ह्या दोघींनीच मला सांगितलं. मला ते नगरलाही माहीत नव्हतं."

मॅनेजर मान हलवत होता. "हे सगळं ठीक. पण बायांचा ह्या गिरजावर भरवसा नाही. थो तुमी कसा आनसान?"

रूथबाईंनी वळून गिरजाकडे पाहिलं.  गिरजा मागे भिंतीशी, पदर तोंडाला लावून.

रांगेत गडबड झाली. सखू पुढे आली. काखेत गजा. मी हात पुढे केले, मी दारावर होते. ती माझ्याजवळून तशीच आत गेली. मॅनेजरच्या समोरून, सेक्रेटरीबाईंच्या समोरून, थेट गिरजापाशी. आणि गजाला तिच्या हातात दिलं.

"गिरजाबाई," ती मोठ्याने म्हणाली, मागे सगळ्यांना ऐकू जावं एवढ्याने, "आज सकाळी म्हातारीनं देली. बाजरीएवढी. मी नाई देली. आता घरी आमी एकमेकीले सांगूनच देतो. दुपारी उठवजा त्याले, अन् दात येऊन राहिले, बोट चावते, जपजा."

गिरजाने गजाला काखेत घेतलं. 

मग रांगेतली, त्या दिवशी "कोनाले मालूम" म्हणणारी बाई म्हणाली, "सर वो बाजूले, मले बी जायचं हाय आत. गिरजाबाई, माहीवालीले कोंबड्याच्या वेळी देली. अर्ध्या मुगाएवढी." आणि तिनेही आपली पोरगी नेऊन गिरजाच्या दुसऱ्या काखेत घातली.

मॅनेजरसाहेब उठले. "चला, यंत्र रिकामं फिरून राहिलं," ते म्हणाले आणि गेले. त्यांनी शेडचा विषय पुन्हा काढला नाही.

सेक्रेटरीबाईंनी नियम बदलायला कमिटीची परवानगी मिळवली. त्या सीझनच्या शेवटी बरीच लेकरं तिळावर आली होती, काही तर बिनअफूची निजत होती. सगळी नाही. सगळी कधीच आली नाहीत. गिरजा त्या खोलीत शेवटपर्यंत होती.

रूथबाई पुढेही अमरावतीहून येत. प्रत्येक वेळी भोंग्यानंतर दार लावून तिघी बसायचो, हातात काही ना काही काम घेऊन, आणि आठवड्यात काय बिघडलं ते बोलायचो. आधी त्या स्वतःचं सांगत, मग आम्ही. त्यांच्यासारखी सुपरवायझर मी पुढे पाहिली नाही. पाहिली असती तरी माझी नजर त्यांच्यावरच राहिली असती.

नंतर मला अकोल्याच्या जिनांतल्या सेविकांवर सुपरवायझर नेमलं. चौथी पास बाईला हे पद कसं मिळालं ह्याचं अनेकांना आश्चर्य वाटलं. मलाही वाटलं. आजही चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं. पण कामाची एक गोष्ट मला कळली आहे. सेविका रडून सांगते की अमुक बिघडलं, तमुक झालं, तेव्हा मी ऐकते, मदत करते आणि संध्याकाळच्या मोटारीने निश्चिंत परत जाते. जिथे मला सांगतात, सगळं ठीक आहे, तिथे मी मुक्काम करते.